सरांचं यंत्र आणि आमच्या भिशीच्या चिठ्ठ्या

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून लिहिण्याचा संबंध आला तो दुधाच्या खाड्यांशी आणि वाण्याच्या यादीशी. माफी कोणाची मागते आहे तेही नक्की नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण कागदापुढं बसलं की आधी ओशाळायला होतं. माणसांपुढं तर होतंच.

वही सरांची आहे. पुढच्या बारा पानांवर माझ्याच अक्षरात नुसते आकडे आहेत. मागच्या बाजूनं मी हे लिहिते आहे. पुढचे आकडे म्हणजे संगीत आहे असं सर म्हणायचे. मी नऊ वर्षं त्यांच्या घरी स्वयंपाक करत होते, त्यामुळं ते काय काय म्हणायचे ते मला सगळं पाठ आहे.

सर सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सरांच्या मिसेस वारल्या. मुलगा परदेशात. तो घरखर्चाचे पैसे दर महिन्याला मोजून पाठवतो आणि पेन्शनचं खातंही त्यानं आपल्या नजरेखाली ठेवलं आहे, कारण सरांच्या हातात पैसा आला की तो संगीतात जातो. संगीत म्हणजे पेटी-तबला नव्हे. सरांना गाता येत नाही, एकही वाद्य वाजवता येत नाही. आरतीत टाळी दिली तरी ती चुकते. तरी ते संगीतकार. कसे, तर त्यांच्याकडं यंत्र आहे.

ते यंत्र त्यांनी तरुणपणी घेतलं, जेव्हा सांगलीत कॉम्प्युटर म्हणजे काय हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. आताच्या कॉम्प्युटरसारखं ते दिसत नाही. टाइपरायटरचं वरचं झाकण काढून ठेवावं तसं. खाली बटणं, आणि पोटात काय असेल ते असेल. पडदा नाही, म्हणून त्याला जुना छोटा टीव्ही जोडायचा. त्याला काय करायचं ते आठवत नाही, म्हणून रोज कॅसेट लावून आठवण करून द्यायची. ती कॅसेट लावली की पाच मिनिटं किर्र-खर्र-चींईं असा आवाज येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं हेच ते संगीत. नंतर गुरुवारी सरांचे मित्र जमले, यंत्रानं आपले आकडे टीव्हीतून पीं-पीं करून वाजवले, ते खरं संगीत ऐकलं आणि कॅसेटच बरी होती असं वाटलं.

सरांचं म्हणणं असं. संगीत करणारा माणूस आपल्या आवडीप्रमाणं सूर निवडतो. आवड म्हणजे सवय आणि सवय म्हणजे गुलामी. म्हणून निवडायचं काम माणसानं करायचंच नाही, नशिबावर सोडायचं. यंत्र फासे टाकल्यासारखे आकडे काढणार. पहिला आकडा कोणता सूर, दुसरा किती वेळ, तिसरा कसा वाजवायचा: गज ओढून, बोटानं तार उपटून, की गज उलटा करून लाकडानं आपटून. सगळं तारांच्या वाद्यांसाठी. कुठला आकडा जास्त वेळा यावा आणि कुठला कमी, एवढं फक्त सर ठरवणार. त्याला ते संभाव्यता म्हणतात.

हे मला त्यांनी डाळ निवडताना समजावून सांगितलं. म्हणाले, "बाई, या सुपात शंभर दाण्यांमागं दोन खडे आहेत असं समजा. पुढचा दाणा खडा निघेल का, हे तुम्ही सांगू शकता?"

मी म्हटलं, "न्हाई."

"पण मूठभर घेतली तर साधारण किती खडे येतील ते सांगू शकता."

"व्हय."

"झालं! हीच संभाव्यता."

मला कळलं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण सरांनी अशा कौतुकानं माझ्याकडं पाहिलं की जणू म्हशीनं पाढा म्हटला.

आणि आवड म्हणजे गुलामी म्हणणाऱ्या या माणसाला आमटीत गूळ चिमूटभर कमी पडला तर चालत नव्हतं. एकदा मी म्हटलंही, अगदी हळू, "सर, आज मीठ किती घालायचं ते यंत्राला इचारू का?" त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

आता पैशाचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्यासाठीच.

आमची सोळा बायकांची भिशी आहे. महिन्याला दोन हजार. माझा नंबर लागला आणि बत्तीस हजार हातात आले. मला शेवयाचं मशीन घ्यायचं होतं. कुंडलच्या एक बाई आपलं वापरलेलं मशीन बत्तीसलाच विकत होत्या आणि होळीपर्यंत थांबते म्हणाल्या होत्या. उन्हाळ्याचे तीन महिने शेवया, कुरडया, सरगुंडे. पीठ लोकांचं, मशीन आपलं. मग दुसऱ्याच्या आमटीत गूळ मोजत बसायला नको. एवढंच मला हवं होतं. त्यात संभाव्यता काही नव्हती. उन्हाळा दरवर्षी येतो.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून पत्र आलं. तिथल्या एका कलामंडळाचे सेक्रेटरी सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी सरांच्या संगीताचा कार्यक्रम ठरवला. पुण्याहून चौघं येऊन वाजवणार: दोन व्हायोलिन, एक त्याहून थोरलं, आणि एक बसून वाजवायचं, माणसाएवढं. कार्यक्रम झाल्यावर मानधन मिळणार होतं. पण पुण्याच्या चौघांना आधी आगाऊ रक्कम हवी होती, ती सरांनी द्यायची आणि मंडळानं नंतर भरून द्यायची. मुलानं फोनवर सांगितलं, एक रुपया देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर सर स्वयंपाकघराच्या दारात. एरवी ते तिथं येत नाहीत. पीठ उडतं.

"बाई, तुमची भिशी लागली म्हणे."

"व्हय सर."

"किती?"

"बत्तीस."

"वा. मग काय करणार?"

"शेवयाचं मशीन घ्यायचंय."

"मशीन!" सरांना आनंद झाला. "म्हणजे तुम्हीही यंत्रवाल्या. बघा, मला फक्त आठ दिवस हवेत. साताऱ्याचं मानधन आलं की पहिला हिशेब तुमचा."

मला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना रोग आहे. तोंड उघडतं, नाही आत राहतं आणि व्हय बाहेर येतं. संध्याकाळी भिशीच्या म्होरक्या बाईला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "न्हाई म्हणायला काय जीएसटी लागतोय व्हय गं तुला? एवढं शिकल्यालं माणूस तुझ्याकडं हात पसरतंय म्हंजे त्याला बाकी कुणी दारात उभं करत न्हाई, एवढं तरी कळायला पायजे हुतं."

कळलं होतं. पण देऊन झाल्यावर.

मग आकडे लिहायचं काम आलं. यंत्राचा छपाईचा भाग कधीच मेला होता. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्हीला नाक लावून, भिंगातून एकेक आकडा ते वाचू शकत, पण वाचणं आणि लिहिणं दोन्ही जमत नव्हतं. म्हणून ते वाचणार आणि मी लिहिणार. यंत्र दोन तासांत तापायचं आणि पडद्यावर लाटा यायच्या, मग बंद करावं लागे. तेवढ्यात एका वाद्याचं पुरं व्हायचं. चार वाद्यं, चार सकाळी.

पहिल्या सकाळी कॅसेट किंचाळून झाली आणि सरांनी सुरू केलं. "सात, दोन, चार. अकरा, एक, सहा. तीन, पाच, एक." मी लिहीत गेले. तीन पानं झाली. सर खूष होऊन म्हणाले, "या क्रमानं हे आकडे जगात याआधी कधी आले नव्हते आणि परत कधी येणार नाहीत."

दुसऱ्या सकाळी यंत्र लावलं. "सात, दोन, चार. अकरा, एक, सहा."

मी लिहायची थांबले. "सर, हे कालचंच हाय."

"काय?"

"कालबी सात, दोन, चार हुतं. मग अकरा."

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाई, माणसाच्या मनाची ही खोडच आहे. ढगात हत्ती दिसतो की नाही? हत्ती असतो का तिथं? तसं नशिबातही आपल्याला ओळखीचं काहीतरी दिसतं. लिहा."

"मी मागचं पान दावू का?"

"ताडून बघायचं नाही. ताडून बघितलं की आवड आली."

मी लिहिलं. हत्ती रांगेनं येत गेले, तीन पानं. तिसऱ्या सकाळी सर चष्मा पुसत होते तेव्हा मी पहिली ओळ आधीच लिहून ठेवली. त्यांनी पडद्यावरून वाचली, तीच निघाली. चौथ्या सकाळी त्यांना म्हणावं वाटत होतं, तुम्ही आंघोळ करून या, मी उतरवून ठेवते. पण मी प्रामाणिकपणे त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलं. नंतर तो प्रामाणिकपणा काही कामाला आला नाही.

मी जास्त बोलले का नाही, तर एक म्हणजे माझे बत्तीस हजार तोवर पुण्याला गेले होते. कार्यक्रम झाला तरच ते परत येणार होते. आणि दुसरं, मला वाटलं असेलच तसं. भजनात सगळे एकच म्हणतात. लग्नाच्या बँडमध्ये पाच जण एकच गाणं फुंकतात. चौघांना एकच कागद मिळाला तर बिघडलं काय? ही माझी चूक. चौघांनी वेगळं वाजवायचं आणि ते नशिबानं जुळलं तर जुळलं, हा सगळा खेळ होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डाळीपुढं शिकवणी गेलीच नव्हती.

पानांचे फोटो काढून सरांनी चौघांना एकेकाचं एकेकाला पाठवले, सोबत कोणत्या आकड्याला त्या वाद्यावरचा कोणता सूर याचा तक्ता. चौघंही आपापल्या घरी वाजवून तयार झाले.

साताऱ्याला आम्ही भाड्याच्या गाडीतून गेलो. सर पुढं. मागं मी, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं यंत्र, पायाशी टीव्ही, शेजारी औषधांची पिशवी आणि माझा भाकरीचा डबा. यंत्र का, तर ते स्टेजवर मांडायचं होतं, लोकांनी बघावं म्हणून. पेठ नाक्याला सर चहा प्यायला उतरले. मला म्हणाले, "तुम्ही बसा, यंत्र सोडू नका." कराडला परत उतरले. मी यंत्र सोडलं नाही. तान्हं मूलसुद्धा इतका वेळ मी कधी मांडीवर धरलं नव्हतं, आणि मूल निदान रडून मोकळं होतं.

तालीम सकाळी होती, कार्यक्रम संध्याकाळी. हॉल बरा होता. सेक्रेटरी सरांच्या पाया पडले. भिंतीवर सरांच्या फोटोची चकचकीत पत्रकं लावली होती, गठ्ठाभर आणखी टेबलावर पडली होती. चौघं गोल बसले. मोठं वाद्य एका बारीक केसांच्या मुलीकडं होतं. तिनं मान हलवली आणि सुरू झालं.

पहिल्यांदा चौघांनी एकदम तार उपटली. मग चौघांनी एकदम गज ओढला. मग चौघं एकदम थांबले. मग चौघांनी एकदम गज उलटा करून आपटला. माझा भाऊ फौजेत होता, त्याची कसम परेड बघायला मी एकदा गेले होते. अगदी तसंच. फक्त सूर चौघांचे चार ठिकाणी, त्यामुळं चार मांजरांची परेड.

मुलीनं हात वर केला. चौघांचे कागद एकाशेजारी एक ठेवून बघितले.

"सर, हे चारी पार्ट सेम आहेत."

"अशक्य," सर म्हणाले. "असं होण्याची शक्यता किती आहे माहीत आहे? विश्वाच्या सगळ्या वयात एकदासुद्धा होणार नाही."

"पण झालंय सर."

सरांनी भिंग काढलं. कागदाला नाक लावलं. एक बघितला, दुसरा बघितला. मग सगळ्यांसमोर माझ्याकडं वळले. मी स्टेजच्या पडद्याच्या कडेला औषधांची पिशवी धरून उभी होते.

"बाई, तुम्ही एकाच दिवसाचं चार वेळा उतरवलंत."

सरांनी भिंग खिशात ठेवलं.

"कंटाळा आला असेल. माझीच चूक. चौथी शिकलेल्या माणसावर इतकं नाजूक काम सोपवलं." हे त्यांनी माझ्याकडं नव्हे, सेक्रेटरींकडं बघून म्हटलं. एवढा वेळ तुम्ही-तुम्ही करत पॉलिश केलेलं सगळं त्या एका वाक्यात निघून गेलं.

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "सर, गैरसमज नको, पण असं असेल तर कार्यक्रम रद्द करावा लागेल. आणि मग मंडळाला मानधनाचंही अवघड आहे."

मानधन गेलं म्हणजे माझे गेले. कुंडलच्या बाईंचं मशीन मला त्या पडद्यावर स्पष्ट दिसलं, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात.

इतक्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. बोललेही नाही. स्टेजवर गेले, टीव्हीची पिन लावली, यंत्राचं बटण दाबलं, कॅसेट घातली. किर्र-खर्र सुरू झालं. पाच मिनिटं कोणी हललं नाही. कॅसेट थांबली तशी मी टीव्हीकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, कारण माणसांकडं तोंड करून मला जमलं नसतं.

"सात, दोन, चार," मी भिंतीला सांगितलं.

मागून त्या मुलीचा आवाज आला. ती पडद्यावरचं वाचत होती. "सात, दोन, चार."

"अकरा, एक, सहा."

"अकरा, एक, सहा."

"तीन, पाच, एक. नऊ, नऊ न्हाई, आठ, दोन, दोन."

"आठ, दोन, दोन," मुलगी म्हणाली. मग ती हळूच म्हणाली, "माय गॉड."

अशा पंधरा ओळी झाल्या. मला सगळ्या पाठ होत्या. चार वेळा लिहिलेलं कोणालाही पाठ होतं, त्याला चौथीपेक्षा जास्त लागत नाही. पंधरा ओळींनंतर कोणी वाचेना, म्हणून मीही थांबले.

व्हायोलिनवाल्यांपैकी एक कॉम्प्युटरची नोकरी करणारा होता. त्यानं सांगितलं ते मला कळलं. यंत्राला नशीब नसतं. त्याच्या पोटात एक लांबलचक यादी असते, गोळाबेरीज करून काढलेली. दिसायला वेडीवाकडी, पण ठरलेली. बंद करून परत लावलं की ती पहिल्यापासून सुरू होते. यादीत रोज वेगळ्या ठिकाणापासून सुरू कर असं त्याला आधी सांगावं लागतं. ते सरांनी कधी सांगितलं नव्हतं. ज्या संगीताला ते जगात एकदाच येणारं म्हणायचे, ते चाळीस वर्षं रोज सकाळी तेच येत होतं, आणि गुरुवारी त्यांचे मित्र डोळे मिटून "आज काही वेगळंच" म्हणत होते.

सर मुलीच्या खुर्चीवर बसले. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. ते माझ्याकडं बघून चुकलं म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पाणी."

मी पाणी दिलं. मग मुलीच्या कानाशी जाऊन म्हटलं, "चिठ्ठ्या काढा की."

"म्हणजे?"

"आमी भिशीत काढतो तशा. तुमास्नी नशीबच पायजे न्हवं? मग डब्यातनं काढा."

तिनं मला सगळ्यांच्या मधे बसवलं. मी खाली बघून तिला एकटीला सांगत गेले. चिठ्ठ्या सगळ्या एकाच कागदाच्या पाहिजेत आणि एकाच मापाच्या. घड्या एकीनंच घालायच्या, कारण प्रत्येकीची घडी वेगळी आणि हाताला कळते. आमच्यात एक बाई आपली चिठ्ठी थुंकी लावून जड करायची, तेव्हापासून हा नियम. डबा हलवायचा तिसरीनंच, आणि काढणारीनं बघायचं वर छताकडं. सोळा बायकांनी बारा वर्षांत भांडून भांडून हे ठरवलं आहे. यंत्रापेक्षा ते पक्कं आहे, कारण त्यात प्रत्येकीचा दुसरीवर संशय आहे.

"काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवायची ना?" व्हायोलिनवाल्यानं विचारलं.

"भिशीत ठेवायची. जिची लागली ती गेली. पण हितं परत डब्यात टाका."

"का?"

"आवं, न्हाईतर शेवटी काय उरलंय ते आधीच कळंल की. खडा एकदा निघाला म्हणून सुपातलं खडं संपत्यात व्हय?"

खुर्चीवरून सर म्हणाले, "बरोबर आहे." तेवढंच.

एकसारखा कागद गठ्ठाभर एकच होता. सरांची पत्रकं. सेक्रेटरी एक क्षण घुटमळले, पण हॉलचं भाडं भरून झालं होतं. त्यांनीच कात्री आणून दिली. सरांचे गाल, सरांचा चष्मा, सरांचं कपाळ, सगळ्याचे एकसारखे तुकडे करून मी त्यांच्या मागं आकडे लिहिले. कोणता आकडा किती चिठ्ठ्यांवर घालायचा ते मात्र सरांनी सांगितलं, एवढं न्यायानं लिहायला हवं. डबा माझा. भाकरी आणि खर्डा काढून पदराखाली झाकून ठेवला. पिठाचा वास राहिला असेल नशिबाला.

चार वाजेपर्यंत चौघांचे चार कागद तयार झाले. आधीच्यापेक्षा आखूड, पण वेगवेगळे. परत तालीम झाली. वाईटच होतं. फक्त आधी ते वाईट आणि खोटं होतं, आता नुसतं वाईट होतं.

संध्याकाळी तीस-पस्तीस लोक आले. निम्मे सेक्रेटरींचे नातेवाईक. पुढच्या ओळीत झब्बे. दहा मिनिटं वाजवून झाल्यावर मागचे एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "आवं, वाद्यं लावून झाली का न्हाई अजून?" त्या अख्ख्या संध्याकाळी समजून केलेलं एवढं एकच बोलणं माझ्या कानावर आलं. झब्बेवाल्यांपैकी एकानं नंतर सांगितलं की यात त्यांना ग्रहगोलांची गती ऐकू आली. त्यांच्या कानाशी कोऱ्या चिठ्ठ्या धरल्या असत्या तर त्यांनी त्याही ऐकल्या असत्या.

सरांनी भाषण केलं. म्हणाले, यंत्राकडून माणसाकडं परत यायचं हे आपण मुद्दाम, अगदी अखेरच्या क्षणी ठरवलं. सर्वांत प्राचीन संगणक म्हणजे चिठ्ठी. टाळ्या झाल्या. मी पडद्यामागं डबा विसळत होते. आतल्या चिठ्ठ्या मी नळाखाली सोडल्या. शाई उतरली, चष्मा तसाच राहिला.

त्या मुलीनं जाताना मला वाकून नमस्कार केला. मला लाज वाटली आणि मी भिंतीकडं वळले. एवढीच आठवण त्यातली चांगली.

आता राहिलं पैशाचं. पाकिटात वीस हजार निघाले. आगाऊ दिलेले भरून द्यायचं मंडळ विसरलं आणि सरांना आठवण करून द्यायला कमीपणा वाटला. मला त्यांनी बारा दिले. म्हणाले, "आठ मी ठेवतो, पुढच्या रचनेला लागतील. तुमचे वीस राहिले, लक्षात आहे माझ्या." आठ दिवसांचे दोन महिने झाले होते. कुंडलच्या बाईंना मी बारा नेऊन दिले आणि बाकीचे होळीला देते म्हटलं. त्या म्हणाल्या, "होळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पलूसचं गिऱ्हाईक येणार हाय, सांगून ठेवते."

मग एका सकाळी सरांनी परत वही काढली. व्हायोलिनवाल्यानं सांगितलेली खूण त्यांनी यंत्राला शिकवली होती. आता रोज वेगळे आकडे येणार होते. "बसा बाई. पहिलं व्हायोलिन."

तोंड उघडलं. या वेळी आतून जे निघालं ते निघालं. "आधी पैसे."

"काय?"

"माझं वीस. मग लिवते."

सर दुखावले. "कलेच्या कामात असं नसतं, बाई."

"माझ्या कामात असतं," मी म्हटलं आणि आमटीला फोडणी द्यायला गेले. मोहरी सगळी कट्ट्यावर सांडली. गूळ घातला नाही. त्यांनी ती तशीच भुरकली.

तीन दिवस त्यांनी एकट्यानं प्रयत्न केला. एक आकडा वाचायचा, उठून वहीशी जायचं, येईपर्यंत पडदा पुढं गेलेला. मी आतून ऐकत होते आणि भांडी घासत होते. चौथ्या दिवशी त्यांनी त्या व्हायोलिनवाल्याला फोन लावला. जुनी यंत्रं जमवणारा पुण्याचा एक जण आहे असं त्यानं मागं सांगितलं होतं. तो होळीच्या आदल्या दिवशी आला, यंत्राला हात लावण्याआधी रुमालानं हात पुसले, आणि सर सांगतील ती किंमत देऊन घेऊन गेला. टीव्ही आणि कॅसेटही नेली. वही तेवढी राहिली. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

सर रिकाम्या टेबलाशी बसले. मग हाक मारली. हातात नोटा होत्या.

"मुलगा लॅपटॉप पाठवणार आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून बसू. याल ना लिहायला?"

"न्हाई सर. सोमवारपास्नं मी स्वैपाकालाबी न्हाई."

नोटा त्यांच्या हातात तशाच राहिल्या. मला वाटलं आता देत नाहीत. अक्षर माझं म्हणून ही वही मी टेबलावरून उचलली, कशासाठी ते मलाही कळलं नाही. तेव्हा त्यांनी नोटा पुढं केल्या. एरवी मी कोणासमोर पैसे मोजत नाही, वाईट दिसतं म्हणून. त्या दिवशी उभ्यानं, त्यांच्यासमोर मोजल्या. पाचशेच्या चाळीस होत्या. बत्तीस हजार पुरे झाले.